सात पाहुणे : एका फसलेल्या गूढाचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याच एका कादंबरीचं आहे. कादंबरी विज्ञानकथा आहे आणि अजून छापली गेलेली नाही. तिच्यात दुसऱ्या ताऱ्याकडून सात जहाजं येतात, आणि ती का आली हे कुणालाच उमगत नाही. पहिला खर्डा संपवला तेव्हा मला खात्री होती की गूढ साधलं आहे. ते साधलं नव्हतं. नेमकं काय बिघडलं होतं, ते कसं सापडलं आणि दुरुस्त करताना कादंबरी कशी उलटीपालटी झाली, ते इथे सविस्तर मांडतो. परग्रहावरच्या पाहुण्यांवर लिहिणाऱ्या बहुतेकांना या खड्ड्याजवळून जावं लागतं, म्हणून काही हातचं राखत नाही. कथेचं रहस्यही फोडतो.

पहिल्या खर्ड्यात सात जहाजं एके दिवशी एल-फोर बिंदूपाशी दिसतात. पृथ्वीच्याच कक्षेत, पृथ्वीच्या ६० अंश पुढे असलेली ही जागा. सूर्य आणि पृथ्वी यांच्या ओढीचा तिथे असा मेळ बसतो की वस्तू फारसं इंधन न जाळता टिकून राहते. त्या भागात पृथ्वीच्या साथीने फिरणारा एक लघुग्रहही २०१० साली सापडला आहे. तिथून आपल्यापर्यंत प्रकाश यायला सव्वाआठ मिनिटं लागतात, म्हणजे पाहुणे अंगणातच उभे. ते बोलत नाहीत, हलत नाहीत. पृथ्वीवर मात्र सगळं ढवळून निघतं: नवे पंथ निघतात, सैन्यं सज्ज होतात, बाजार कोसळतात, संशोधक आपसांत भांडतात. चार वर्षांनी जहाजं मूळ संख्यांची एक मालिका प्रक्षेपित करतात आणि निघून जातात. माणूस परीक्षेत उतरला की नापास झाला, हा प्रश्न हवेत ठेवून कादंबरी संपत होती.

माझं सगळं लेखन आधी ताई वाचते. ती पदार्थविज्ञान शिकवते आणि कथांवर तिचं मनापासून प्रेम आहे. तिने बाड तीन दिवसांत संपवलं आणि एकच प्रश्न विचारला.

“हे आले कशाला होते रे?”

“तेच तर गूढ आहे.”

“वाचकाला गूढ, ते ठीक. तुला माहीत आहे का?”

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितल्यावर ती म्हणाली, “मग हे गूढ नाही. तू एक खोली रिकामी ठेवली आहेस आणि दाराला कुलूप लावलं आहेस. वाचक कुलूप बघून थोडा वेळ थांबेल, पण आत काहीच नाही हे त्याला कळतं.”

मला ते लागलं. पण बाड पुन्हा वाचलं तेव्हा खोली रिकामी असल्याच्या खुणा पानोपानी दिसायला लागल्या. पाहुण्यांचा प्रत्येक प्रसंग कुठूनही उचलून कुठेही ठेवला तरी काही बिघडत नव्हतं. एखादं जहाज थोडं सरकलं, तर ते नेहमी पृथ्वीवर काहीतरी घडल्यानंतरच सरकत होतं. माणसांनी युद्ध थांबवलं की ते चमके, माणसं खोटं बोलली की विझे. म्हणजे चाळीसेक लाख कोटी किलोमीटर किंवा त्याहून जास्त अंतर कापून आलेल्या कुणाला स्वतःचं असं एकही काम नव्हतं. आणि सातच्या सात जहाजं एका मनाने वागत होती. “मग सात कशाला, एक का नाही?” असं ताईने समासात लिहिलं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, आणि दुरुस्तीची सुरुवात तिथूनच झाली.

येण्याचा खर्च

ताईने मला आधी येण्याचा हिशोब करायला बसवलं. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. आपलं व्हॉयेजर-१ हे अवकाशयान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. त्या वेगाने तेवढं अंतर कापायला जवळजवळ ७५,००० वर्षं लागतील. तेव्हा पाहुण्यांना निदान प्रकाशवेगाच्या दहा टक्क्यांनी यायला हवं. त्या वेगात १,००० टनांच्या जहाजाची गतिज ऊर्जा ४५० एक्झाज्यूल भरते. सारं जग सध्या वर्षभरात साधारण ६०० एक्झाज्यूल वापरतं. एका छोट्या जहाजाच्या गतीत मानवजातीच्या पाऊण वर्षाची ऊर्जा साठलेली असते, आणि थांबायचं म्हटलं की ती सगळी कुठेतरी टाकावी लागते.

पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतक्या मंदनाने ते थांबले तर ३५ दिवस लागतील. या काळात प्रत्येक जहाजातून सरासरी १५० टेरावॅट बाहेर पडतील, म्हणजे आपण सगळे मिळून जितकी शक्ती वापरतो त्याच्या सात-आठ पट. सात जहाजं, महिनाभर. हे लपत नाही. “एके दिवशी ती तिथे होती” हे माझ्या पहिल्या खर्ड्यातलं सुरुवातीचं वाक्य ढोबळ गणितानेही खोटं ठरत होतं.

मी खट्टू झालो. गूढ म्हणजे झाकलेलं असायला हवं, अशी माझी तोवरची समजूत होती, आणि अवकाशात तर काही झाकताच येत नाही. एखादं जहाज थंडपणे, इंजिन बंद ठेवून जात असेल तर गोष्ट वेगळी. ते सहज नजरेतून सुटेल. २०१७ साली आपल्या सूर्यमालेतून ‘ओमुआमुआ’ हा आंतरतारकीय पाहुणा गेला. सूर्याच्या सर्वांत जवळून तो गेला ९ सप्टेंबरला आणि दिसला १९ ऑक्टोबरला, चाळीस दिवसांनी, परतीच्या वाटेवर असताना. नंतर ३० ऑगस्ट २०१९ला बोरिसोव्ह आणि १ जुलै २०२५ला ॲटलास हे आणखी दोन सापडले, त्यांना धूमकेतू म्हणून लगेच ओळखताही आलं. पण पहिला आला तेव्हा आपण कसे गाफील होतो, हे लेखकाने विसरू नये. थोडक्यात, जाणारा सुटतो. थांबणारा दिसतोच.

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. त्याचा अर्थ पुढे कळला.

१७६९ सालचे पाहुणे

“सगळं दिसतं आहे आणि तरीही कळत नाही, असं कुठे घडलं आहे का ते शोध,” ताई म्हणाली. माझ्या मनात इतिहासातला एकच प्रसंग आला आणि तो इतका चपखल निघाला की आज कादंबरीचा पाया तोच आहे.

१३ एप्रिल १७६९ला ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकचं एंडेव्हर हे जहाज प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटाच्या मातावाई उपसागरात आलं. खलाशी, सैनिक, जोसेफ बँक्ससारखा वनस्पतींचा अभ्यासक, चित्रकार, खगोलशास्त्रज्ञ असं ते मिश्र मंडळ. त्यांनी किनाऱ्यावर एक गढी बांधली आणि तीत नळ्या, घड्याळं आणि पितळी उपकरणं मांडली. एक उपकरण चोरीला गेलं तेव्हा ते परत मिळवण्यासाठी जिवाचा आटापिटा केला. मग ३ जूनला दिवसभर ही माणसं नळीतून सूर्याकडे बघत बसली.

किनाऱ्यावरच्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. यातलं काहीही लपवलेलं नाही. गढी दिसते, नळी दिसते, माणूस कुठे बघतो तेही दिसतं. पण पृथ्वीच्या अर्ध्या परिघावरून ही माणसं शुक्राचा ठिपका सूर्यावरून सरकताना बघायला आली आहेत, आणि त्या वेळा वेगवेगळ्या ठिकाणी मोजून पृथ्वीपासून सूर्याचं अंतर काढणार आहेत, हे कुणाच्या मनात येईल? पाहुणे ताहितीसाठी आलेच नव्हते. ताहिती ही त्यांच्यासाठी उभं राहायची जागा होती.

आणि एवढंही पूर्ण खरं नाही. कुककडे नौदलाच्या गुप्त सूचनाही होत्या: शुक्राचं काम उरकलं की दक्षिणेकडे एखादा मोठा भूखंड आहे का ते शोधायचं. एका जहाजावर दोन हेतू होते, आणि बँक्सच्या झाडपाल्याचा तिसरा. कुणाला तारे हवे होते, कुणाला जमीन, कुणाला पानं, कुणाला फक्त घरी परतायचं होतं. बाहेरून मात्र ते ‘आलेले लोक’ या एका नावाने ओळखले जात.

हेतू आपल्याबद्दल नसला म्हणजे आपल्याला इजा होत नाही, असंही नाही. जहाज आल्यावर दोनच दिवसांत एका सैनिकाची बंदूक हिसकावणाऱ्या ताहितीयाला गोळी घालून मारलं गेलं. शुक्राच्या अधिक्रमणाशी त्या माणसाचा काय संबंध? हा प्रश्न मला अजून सोडत नाही. दुसऱ्या खर्ड्यातला सर्वांत कठीण भाग त्यातूनच आला.

या प्रसंगात आणखी एक माणूस आहे, तुपाया. तो पुरोहित होता आणि दर्यावर्दीही; सत्तरहून अधिक बेटं त्याला नावानिशी ठाऊक होती. तो पाहुण्यांबरोबर पुढे निघाला, त्यांच्यासाठी दुभाषा झाला आणि १७७० साली परक्या बंदरात आजारी पडून वारला. पाहुण्यांचं काम कळावं म्हणून स्वतःचं घर सोडणारा तो यजमान होता. माझ्या कादंबरीत असं पात्रच नव्हतं. सगळे यजमान आरशात बघत होते.

सातही जणांना काम मिळालं

आता मला पाहुण्यांसाठी त्यांचा शुक्र हवा होता: असं काम, जे आपल्या सूर्यापाशी येऊनच करता येईल पण ज्याचा आपल्याशी संबंध नसेल. ते ताईला वर्गात शिकवताना सुचलं.

सूर्याच्या कडेवरून जाणारा प्रकाश १.७५ आर्कसेकंदांनी, म्हणजे अंशाच्या सुमारे दोनहजाराव्या भागाने वाकतो. आइन्स्टाइनचं हे भाकीत २९ मे १९१९च्या खग्रास ग्रहणात तपासलं गेलं. प्रकाश वाकतो म्हणजे सूर्य भिंगासारखं काम करतो, आणि भिंगाला नाभी असते. सूर्याच्या त्रिज्येला त्या कोनाने भागलं की नाभी निघते सुमारे ५५० खगोलीय एककांवर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या साडेपाचशे पटींवर. एकक तेच, ज्याच्या शोधात १७६९ची मंडळी निघाली होती. हे भिंग वापरता येईल अशी कल्पना व्हॉन एशेलमन यांनी १९७९ साली मांडली. ५५०च्या पलीकडे कुठेही, ताऱ्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला उभं राहिलं, की त्या ताऱ्याभोवतीचा ग्रह अफाट मोठा करून बघता येईल. आपलं व्हॉयेजर-१ १९७७ पासून चालतं आहे आणि २०० एककांपर्यंतही पोहोचलेलं नाही.

मी लगेच जहाजं एल-फोरवरून उचलून ६०० एककांवर नेली. ताईने तिथेही अडवलं. “भिंग तर कुठलाही तारा होतो. त्यांच्या ताऱ्यालाही नाभी आहेच. इथे कशाला येतील?”

या आक्षेपावर मी बरेच दिवस अडकलो होतो. आणि मग लक्षात आलं की एक गोष्ट घरच्या भिंगातून कधीच दिसत नाही: स्वतःचं घर. त्यासाठी दुसऱ्या ताऱ्याच्या पलीकडे जाऊन मागे वळून बघावं लागतं.

त्या क्षणी सगळी कादंबरी जागेवर बसली. पाहुणे आपल्याकडे निघालेच नव्हते. ४० प्रकाशवर्षांवरच्या स्वतःच्या ग्रहावरून ते भलतीकडे, फार दूर वस्तीला निघाले होते. वाटेत घराकडून येणारे संदेश थांबले. वळून जायला इंधन नाही. त्यांच्याकडे थांबण्यापुरतं, एकदाच थांबण्यापुरतं, इंधन होतं. ते जिथे वस्ती करायची तिथे वापरायचं ठरलेलं. ते त्यांनी इथे वापरलं. वाटेवरचा हा तारा एकटा होता, जोडतारा नव्हता, शांत होता, आणि त्याच्या आडून घर दिसू शकत होतं. घराचं काय झालं ते कळावं म्हणून त्यांनी आपलं पुढचं गाव सोडून दिलं.

हे कादंबरीत कुठेही सांगितलेलं नाही. फक्त दिसतं ते येतं, आणि ते असं.

सात जहाजं घराकडून येऊन सूर्याजवळून निघून जातात, अंधारात, इंजिनं बंद. नेपच्यूनच्या कक्षेची एक बाजू ते दुसरी बाजू हे अंतर त्यांना साडेतीन दिवसांचं, आणि कुणाला पत्ताही नसतो. मग सूर्यापासून ३०० एककांवर, आपल्याकडे पाठ असताना, सात ठिणग्या पेटतात. ३५ दिवस त्या जळतात आणि ६०० एककांवर विझतात. आपल्याला ओलांडून गेले, आणि मग थांबले. एखाद्याने आपल्या दारावरून पुढे जावं आणि पार वेशीबाहेर जाऊन आपल्याकडे तोंड करून उभं राहावं, तसं. पहिल्या प्रकरणाचा शेवट इथे होतो आणि मला तो फार आवडतो, कारण यातली प्रत्येक गोष्ट उघड्यावर आहे.

नंतर संशोधकांच्या लक्षात येतं की सातही जहाजं तीन किलोमीटरांच्या पट्ट्यात गर्दी करून आहेत. अवकाशात इतकी जागा असताना. (४० प्रकाशवर्षांवरच्या पृथ्वीएवढ्या ग्रहाची प्रतिमा ६०० एककांवर बरोबर तेवढीच, तीन किलोमीटर रुंद पडते. प्रतिमेतला एकेक ठिपका टिपायला जहाजांना तिच्यात फिरावं लागतं.) मग आणखी काही वर्षांनी दिसतं की तो सगळा घोळका एकत्र डोलतो आहे, सुमारे १२ वर्षांचं एक आवर्तन. बारा वर्षं म्हणजे गुरू! कादंबरीत एक पूर्ण पिढी मानते की पाहुणे गुरूसाठी आले आहेत. गुरूच्या चंद्रांवर मोहिमा जातात. वास्तविक गुरूच्या ओढीने सूर्यच किंचित डोलतो, जवळजवळ स्वतःच्या त्रिज्येइतका, आणि भिंग हललं की बघणाऱ्याला हलावं लागतं. हा चकवा मी रचला नाही, तो निसर्गातच होता. असे चकवे सर्वांत टिकाऊ.

हे डोलणं आणि पृथ्वीची स्वतःची गती वजा केली की उरतं एक बारीक वर्तुळ, त्रिज्या ३०,००० किलोमीटर, काळ २८६ दिवस. तुपायाच्या जागी मी ज्या पात्राला आणलं, ती खगोलगणित करणारी बाई आहे, आणि तिला या वर्तुळात कुणाचं तरी वर्ष दिसतं. त्या वर्तुळाला भिंगाच्या मापाने वाढवलं की एका ग्रहाची कक्षा मिळते, आपल्या कक्षेहून थोडी आतली. ते आपल्याकडे बघत नाहीत, आपल्या आरपार बघत आहेत, हे तिला कळतं तो कादंबरीचा मध्य.

तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि हे अन्यायाचं म्हणून मी लिहिलेलं नाही. विज्ञान असंच सावध असतं आणि असायला हवं. १९६७ साली खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल यांना दर १.३३७ सेकंदाला येणारा रेडिओ ठोका सापडला, तेव्हा त्याला गमतीने ‘हिरव्या बुटक्यांचं’ नाव दिलं होतं. मग आकाशाच्या दुसऱ्याच भागात तसाच दुसरा स्रोत त्यांनाच सापडला. दोन ठिकाणचे बुटके एकाच वेळी एकाच तऱ्हेने आपल्यालाच हाक मारतील हे पटण्यासारखं नव्हतं, आणि असे ठोके देणारे स्रोत, म्हणजे पल्सार, हे तारे आहेत हे स्पष्ट होत गेलं. माझ्या पात्राचे विरोधक हीच शिकवण घेऊन बोलतात. त्यांना मूर्ख दाखवण्याचा मोह पहिल्या खर्ड्यात मला झाला होता. आता ते तिच्याइतकेच हुशार आहेत, आणि त्यामुळे तिचं बरोबर असणं महाग पडतं.

हाक कुणाला

संवादाचा भाग मी जवळपास सगळा कापला. मूळ संख्या गेल्या. १९७४ साली आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून अवकाशात पाठवलेल्या संदेशात १,६७९ ठोके होते, कारण ती संख्या २३ आणि ७३ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे आणि तशी मांडणी केली की चित्र उमटतं. कल्पना सुंदर आहे, पण ती आपली आहे. माझ्या पाहुण्यांना आपल्याला काही सांगायचंच नव्हतं.

ते बोलतात मात्र. घराला हाक मारतात. घर सूर्याच्या पलीकडे, त्यामुळे ती हाक सूर्याच्या दिशेने सुटते आणि पृथ्वी तिच्या झोतात येते. एकच छोटा संदेश, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. साऱ्या पृथ्वीला वाटतं की हाक आपल्याला आहे. १९८९ सालच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांप्रमाणे सगळ्यांशी विचारविनिमय झाल्याशिवाय कुणी उत्तर देऊ नये, पण ती तत्त्वं बंधनकारक नाहीत. चार ठिकाणांहून उत्तरं जातात. प्रकाश एका बाजूने ३ दिवस ११ तास घेतो. पहिल्या उत्तरानंतरचे सात दिवस जग कसं जगलं, यावर माझी चाळीस पानं आहेत. सातव्या दिवशी तोच संदेश येतो, जसाच्या तसा.

तो कधीच उलगडत नाही. सिंधू लिपी आपल्याच पृथ्वीवरच्या, आपल्यासारख्याच माणसांची. तरी तिचे लेख सरासरी पाचेक चिन्हांचे असल्याने आणि दुभाषी शिलालेख नसल्याने ती अजून वाचता आलेली नाही. लिनिअर-बी ही प्राचीन लिपी १९५२ साली वाचता आली, कारण आतली भाषा ग्रीक निघाली. ओळखीचं काहीतरी दुसऱ्या टोकाला लागतं. इथे एकच ओळ, हजारो वेळा. ताईने या भागावर काहीच लिहिलं नाही, फक्त समासात उभी रेघ ओढली. तिची ती पसंतीची खूण.

सातवं जहाज

राहिला तिचा मूळ प्रश्न: सात कशाला?

कारण एकाच गोष्टीकडे बघणारे सातजण एकाच निष्कर्षावर येत नाहीत. घराचा प्रकाश ४० वर्षं जुना. त्यात रात्रीच्या बाजूला दिवे दिसत नाहीत. काहींच्या मते अजून बघायला हवं, ढग असतील, ऋतू असेल, ते लपले असतील. काही हाक मारत राहतात. हे मतभेद आपल्याला दिसतात ते फक्त हालचालीतून: तीन जहाजं प्रतिमेच्या एकाच तुकड्यावर वर्षभर थांबतात, दोन भराभर सगळीकडे फिरतात, एक फक्त प्रक्षेपण करतं. आणि सातवं, विसाव्या वर्षी, फिरणं बंद करतं. पट्ट्यातून बाहेर पडतं. उरलंसुरलं इंधन जाळून सूर्याकडे निघतं, सेकंदाला १०० किलोमीटर.

पहिल्या खर्ड्यात मी यावर ‘हल्ला की मैत्री?’ असा प्रश्न टाकून मोकळा झालो असतो. आता मला ठाऊक आहे ते का निघालं. त्याने मान्य केलं आहे की घरी कुणी नाही. आणि वीस वर्षं ज्याच्या आडून ते बघत होतं, त्या ताऱ्याच्या अगदी कडेला, त्यांच्या कामात सतत अडथळा आणणारा एक रेडिओचा गोंगाट होता. तो आपला होता.

बाकीचे सहा त्याच्याबरोबर येत नाहीत. त्याला अडवतही नाहीत, पण त्यांच्या प्रक्षेपणात त्या दिवसापासून एक ठोका कमी होतो. सात होते, सहा झाले. संदेशातला तेवढा एक भाग माणसांना वाचता येतो.

पृथ्वीवर मात्र त्या गोळी लागलेल्या ताहितीयाचं भय उलट्या दिशेने जागं होतं. इथे बंदुका यजमानांच्या हातात आहेत. नेपच्यूनच्या अंतरापर्यंत यायला जहाजाला २७ वर्षं लागणार; तेवढ्या वर्षांत त्याच्या वाटेवर काय काय उभं करायचं यावर माणसं दोन पिढ्या वाद घालतात. खगोलगणित करणारी ती बाई या काळात म्हातारी होते. तिच्याकडे एकच गणित उरतं आणि ते ती कुणाला सांगत नाही, कारण ते कळलं तर घाबरणारे आणि आनंदणारे दोघेही गप्प होतील. पृथ्वीच्या अंतरावर सूर्याच्या पकडीतून सुटायला सेकंदाला ४२ किलोमीटर पुरतात. हे येतं आहे शंभराने.

तिथे मी हस्तलिखित थांबवलं आणि ताईकडे दिलं. या वेळी तिला आठवडा लागला.

“त्याला थांबता येणार नाही,” ती म्हणाली.

“नाही. थांबायचं इंधन सगळ्यांनी मिळून वापरलं होतं.”

“निघताना त्याला हे माहीत होतं?”

“हो.”

ती काही बोलली नाही. बाड उघडून तिने सातवं जहाज पट्ट्यातून बाहेर पडतं ते पान काढलं आणि तिथून पुन्हा वाचायला लागली.